म्हातारी कवडी आणि दगडाचं अंडं

एका राज्यात सुधन्वा नावाचा राजा होता आणि केतकी ही त्याची एकुलती एक लेक. कंकाळ नावाच्या मांत्रिकाने तिला मागणी घातली. ती नाही म्हणाली. मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली आणि केतकीच्या जागी दगडाचं अंडं उरलं. नारळाएवढं, गारेसारखं थंड.

"एकवीस दिवस जिवंत पोटाखाली उबवा, लेक परत मिळेल," मांत्रिक हसला. "चैत्री पुनव उलटली, की कायमचा दगड."

राज्यातल्या शंभर कोंबड्या आणल्या. एकेक बसली, कुडकुडली आणि उठून पळाली. पुनवेला तीस दिवस उरले. तेव्हा वाड्याच्या भिंतीवर एक भारद्वाज पक्षी येऊन बोलला, "राजा, वेशीबाहेर हौसाबाईची कवडी नावाची कोंबडी आहे. घराला आग लागली तरी ती अंड्यांवरून उठली नव्हती. तिला बसव."

राजा गेला. हौसाबाई अंगणात कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. कोंबडीच्या अंगावर कवड्यांसारखे ठिपके होते, तुरा पांढुरका पडला होता, छातीत घरघर होती.

"नऊ वर्षांची आहे, महाराज. दोन वर्षं अंडं नाही. शेजारी म्हणतात, रस्सा कर. मी म्हणते, आधी तुमचाच करीन."

"ही मला दे."

"न्या की. पालखीतच मान टाकेल. आधी बरी करा."

मागोमाग आलेल्या भारद्वाजाने औषधाला तीन वस्तू सांगितल्या: नागाच्या झऱ्याचं पाणी, राक्षसाच्या शेतातली नाचणी, उडत्या घोड्याच्या टापांखालची धूळ. राजा एकटा निघाला.

पहिल्यांदा तो सात डोंगरांपलीकडच्या झऱ्यावर गेला. तिथला नाग म्हणाला, "सोन्याच्या कळशीत पाणी देत नाही." राजाने ओंजळ भरली आणि हौसाबाईच्या अंगणात पोहोचेपर्यंत उघडली नाही. एक थेंब सांडला नाही.

"पाजा आता," हौसाबाई म्हणाली.

"मी?"

"गरज कोणाला आहे? चोचीच्या कडेला थेंब सोडा. घशात ओतू नका, ठसका लागेल."

सहाव्या दिवशी तो राक्षसाच्या शेतातून आला. राक्षसाने विचारलं होतं, "कशाला हवी नाचणी?" "म्हाताऱ्या, आजारी कोंबडीसाठी." राक्षस इतका हसला की त्याचा एक सुळा पडला. "मूठभर मागतोस? दोन मुठी घे. भिजवून घाल, म्हातारीला कोरडी पचत नाही."

तिसऱ्या खेपेला उडता घोडा भेटला. "पाठीवर बस, चंद्र दाखवतो."

"चंद्र नको. तुझ्या टापांखालची धूळ दे. माझ्या कोंबडीला उवा झाल्यात."

घोड्याने मान लववली आणि राजाने शेला भरून धूळ आणली.

नवव्या दिवशी कवडी त्या धुळीत लोळली, पंख झाडून उभी राहिली. तुरा लाल झाला. राजाने वाड्यावरून आणवलेलं दगडाचं अंडं समोर दिसताच पिसं फुलवून ती त्यावर जाऊन बसली.

"खुडूक झाली, उबवायला बसली!" हौसाबाई ओरडली. "आता हात लावाल तर चोच खाल!"

"पहारा बसवा. तिला उठू देऊ नका," राजा म्हणाला.

"काय बोलता महाराज! रोज एकदा उठवून चारायची असते. नाहीतर बसल्या जागी मरेल."

"तोवर अंडं गार पडेल."

"मग तेवढा वेळ तुम्ही बसा."

राजाने अंगरखा सोडला आणि अंडं पोटाशी धरलं. थंडी हाडांत शिरली, दात वाजू लागले. पण त्याने ते सोडलं नाही. कवडी दाणे टिपून, पाणी पिऊन परत आली, तेव्हा तीही थरथरत होती. राजाने अंडं खाली ठेवलं, तिला त्यावर बसवलं आणि दोघांना कवेत घेतलं. असं रोज चाललं. राज्याचा कारभार अंगणातून झाला.

एकविसाव्या दिवशी, पुनवेच्या दुपारी, कवडी खायला उठली होती. मांत्रिक कुंपणाशी उभा राहिला. "सोड राजा. तुझी म्हातारी आजच मरणार."

तोच राजाच्या पोटाशी आवाज झाला. टक.

राजाने तलवार उपसली. "फोडतो!"

"थांबा!" हौसाबाईने त्याचा हात धरला. "कवच कोणी फोडायचं नसतं. आतल्याने फोडायचं असतं. कवडीला बोलू द्या."

कवडी लंगडत आली. अंड्यावर गळा टेकून तिने हळू, जाडसर आवाजात हाक दिली. आतून उत्तर आलं. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. मग दगडाला चीर गेली, ती फिरत फिरत वेढा घालून आली, आणि कवच दोन बाजूंना पडलं.

ओल्या केसांची केतकी उजेडात डोळे मिचकावत बसली होती. जादू उलटली, कुंपणाशी मांत्रिकाचं मूठभर भस्म झालं आणि वाऱ्याने ते नेलं.

"बाबा," ती म्हणाली, "भूक लागली."

राजा काही बोलण्याआधीच कवडीने माती उकरली, एक दाणा उचलून केतकीच्या पुढ्यात टाकला आणि तिला बोलावलं. राजकन्येने तो उचलून खाल्ला. तेव्हा नगारे वाजले, वेशीवर तोरणं लागली, आणि राजाने कवडीला खांद्यावर घेऊन सगळ्या नगरातून मिरवलं. हौसाबाई पुढे चालत लोकांना सांगत होती, "जरा लांबून बघा, म्हातारी आहे ती!"

त्या अंगणात उतरलेलं सुख तुमच्याही अंगणात उतरो.