चार नकला आणि एक चिठ्ठी

एक वृद्ध अभियंता आपल्या तरुण शिष्येसह लहान कॅमेरे बनवत असे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासण्यासाठी हे कॅमेरे तालुक्याच्या रुग्णालयांत जात. कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणारा सेन्सर असतो. तो आज एका कंपनीचा मिळतो, उद्या दुसरीचा. कुठला सेन्सर बसवला आहे आणि कॅमेऱ्यातल्या सर्किट बोर्डावरून त्याला वीज कोणत्या वाटेने पोचते, हे एका फाइलीत लिहिलेले असते. सुरू होताना यंत्र ती वाचते आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते. बिचारे दुसरे करणार तरी काय?

शिष्या हुशार, पण घाईची. नवा सेन्सर आला की ती अख्ख्या फाइलीची नक्कल करी आणि सेन्सरपुरता मजकूर बदली. अशा चार नकला झाल्या. पुढे बोर्डावरची विजेची वाट बदलली. तिने तीन नकला दुरुस्त केल्या. चौथी राहून गेली.

एका गुरुवारी सकाळी फोन आला. "सर, मी तालुक्याच्या रुग्णालयातून सिस्टर म्हात्रे. सेन्सर बिघडला म्हणून तुम्ही पाठवलेला दुसरा बसवला, त्याची फाईलही टाकली. पडदा काळाच आहे. सातव्या महिन्यात झालेलं बाळ आहे. डोळ्यांचे डॉक्टर दोनला निघतात, ते पुढच्या गुरुवारीच येतात. आई सकाळपासून बाळाला पदराखाली घेऊन बसलीय."

शिष्येचा चेहरा उतरला. "माझीच चूक, सर. चौथी नक्कल, विजेची वाट जुनीच. तिच्यात आणखी काय काय राहिलंय, मला सांगता येत नाही."

वृद्धांनी एक दुरुस्त केलेली फाईल उघडली आणि तिच्यातला सेन्सरचा सगळा उल्लेख पुसून टाकला.

"सर, ही तर चालणारी आहे," ती घाबरून म्हणाली.

"आता त्यांच्या सेन्सरपुरतं वेगळ्या फाइलीत लिही. आठ-दहा ओळी होतील. यंत्र दोन्ही मिळून वाचेल."

तिने लिहिले. टेबलावरच्या कॅमेऱ्यात तसाच सेन्सर बसवून दोन्ही फाइली तपासल्या आणि पाठवल्या. मग वाट पाहणे उरले.

वृद्ध हळू आवाजात म्हणाले, "बोर्डाने एवढंच सांगावं, की इथे एक जागा आहे, वीज इकडून येईल, चित्र तिकडून जाईल. येणाऱ्याने आपली ओळख आपल्या चिठ्ठीत आणावी. आपण जागेवरच एकाचं नाव कोरतो, मग प्रत्येक नव्यासाठी सगळं घर पुन्हा लिहावं लागतं. चार ठिकाणी लिहिलेलं एका ठिकाणी शिळं होणारच. तू माणूस आहेस, विसरणारच."

थोडे थांबून ते म्हणाले, "मला घरात हे उशिरा कळलं. ही गेली, मग सूनबाई आली. पाच वर्षं मी तिच्या आमटीत हिची आमटी शोधत राहिलो. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. आमटी तिची चांगलीच होती गं."



दीड वाजता फोन वाजला. "सर, दिसलं. डोळ्यांतल्या नसा वाकड्या वाढू लागल्यात, पण आजच लेझर केलं तर नजर वाचेल म्हणतात. डॉक्टर थांबलेत."

शिष्येला रडू आले, आणि तिने ते लपवले नाही. वृद्धांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि स्वतःचे डोळेही पुसले.

घरात नवे माणूस आले की जागा तीच असते. वर्णन मात्र ज्याचे त्याला लिहू द्यावे.