पस्तिसावा पेला

एकदा एका पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची सूत्रे रणधीर नावाच्या तरुण प्रशिक्षकाच्या हाती आली. त्या गावात कुस्ती आणि फुटबॉल एकाच छपराखाली नांदत. आखाड्यातले मल्ल आणि मैदानावरचे खेळाडू एकाच वृद्ध वस्तादांच्या पाया पडत. रणधीरही त्यांचाच शिष्य.

पूर्वी संघात तेविसांपलीकडे कुणाला घेत नसत. रणधीरला तो अन्याय वाटे. ज्याला खेळायची इच्छा आहे त्याला दार बंद का, असे म्हणत त्याने येईल त्याला घेतले. संघ पस्तीस जणांचा झाला. पेठ खूश झाली, कारण आता प्रत्येक गल्लीतल्या दोरीवर तालमीची जर्सी वाळताना दिसे.

हंगाम तोंडावर आला तेव्हा आणखी काही जण दारात येऊन उभे राहिले. त्यांनाही घ्यावे म्हणून रणधीर परवानगी मागायला गेला. वस्ताद एवढेच म्हणाले, "उद्याचं दूध मी वाटतो. मग बोलू."

सराव संपला की प्रत्येकाने तालमीच्या पारावर बसून पेलाभर दूध प्यायचे आणि मगच घरी जायचे, अशी तिथली रीत होती. दुसऱ्या संध्याकाळी वस्तादांनी स्वतः पेले मांडले, स्वतः भरले. सगळ्यांचे पिऊन झाले. एक पेला तसाच भरलेला राहिला.

"एक जास्तीचा भरलात, वस्ताद," रणधीर म्हणाला.

"जास्तीचा नाही. ज्याचा आहे त्याला दे."

रणधीरने पारावरून नजर फिरवली. "दिग्विजय आला नाही वाटतं."

"मी हितंच हाय की कोच," मागून आवाज आला. "मिशी काढली तर संघातनंबी काढलं काय?"

सगळे हसले. रणधीरने आणखी दोन नावे घेतली. ते दोघेही समोरच बसले होते. पुढे त्याला नाव सुचेना. बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांनाही सांगता येईना.

वस्तादांनी पिशवीतून धुऊन घडी केलेली एक जर्सी काढली आणि पेल्याशेजारी ठेवली. "सुभानचा पेला आहे. गेल्या आठवड्यात सरावातच त्याचा घोटा मुरगळला. आज सकाळी त्याची आई ही जर्सी देऊन गेली. म्हणाली, पोरगा खेळ सोडतोय. तालमीची वस्तू तालमीला."

"मला कुणी बोललं नाही."

"तू विचारलं नाहीस. आणि पस्तीस चेहरे एका माणसाच्या नजरेत मावतही नाहीत." वस्तादांनी खेळाडूंना घरी जायला सांगितले आणि मग शांतपणे बोलले. "मैदानात अकरा जण उतरतात. प्रत्येकाच्या मागे एक असा हवा, की पुढचा गडी पाय धरून खाली बसला तर यानं धास्तीनं बुटाची नाडी आवळावी, कारण आता त्यालाच उतरायचंय. गोलजाळीसाठी एक आणखी ठेव, तिथं अडचणीला दुसरा कुणी चालत नाही. झाले तेवीस. त्यांच्याही मागे जो उभा असतो, त्याला भीती नसते आणि आशाही नसते. तो नुसता धावतो, दूध पितो आणि जातो. एक दिवस येत नाही. कळतही नाही."

"पण मग उरलेल्यांना मी नाही म्हणायचं? त्यांची मनं मोडतील, वस्ताद."

"'नाही' असं तर तू केव्हाच म्हणून बसलायस. फक्त त्यांना सांगितलेलं नाहीस."

 रणधीरने पेल्यावर बशी झाकली, जर्सी काखेत घेतली आणि सुभानच्या घराकडे निघाला.

सुभान ओट्यावर पाय लांब करून बसला होता. "कोच? घर चुकलात काय?"

"चुकलो होतो," रणधीर म्हणाला आणि शेजारी टेकला. घोट्याची चौकशी झाल्यावर त्याने सरळ सांगितले, "डाव्या बगलेला तुझ्या पुढे दोघं आहेत. या हंगामात तुला आमच्याकडे खेळायला मिळणार नाही. नदीपलीकडच्या तालमीला डाव्या पायाचा बचावपटू हवाय. तिथं तू पहिल्या दिवसापासून उतरशील. पाय बरा झाला की मी स्वतः तुला घेऊन जातो."

सुभान जर्सीकडे पाहत राहिला. "हे आधीच का नाही सांगितलंत? दोन महिने मी रोज बूट घासून येत होतो."

 रणधीरने पेला पुढे केला. दूध निवले होते. सुभानने ते सावकाश संपवले, रिकामा पेला रणधीरच्या हातात दिला आणि विचारले, "त्यांचा सराव किती वाजता असतो?"

दुसऱ्या दिवशी रणधीर तेविसांबाहेर उरलेल्या अकरा जणांच्या दारी एकेक करून गेला.

नकार देण्याचे धैर्य नसते तेव्हा आपणही माणसांना रांगेत उभे करून ठेवतो, आणि त्यालाच मनाचा मोठेपणा म्हणतो.