लाल रंगाची घाई

धुंडिराजकाकांच्या टेबलावर एका जुन्या मोटारीच्या छोट्या प्रतिकृतीचे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडणीसाठी आले, तेव्हाची गोष्ट.

डबीतल्या लाल रंगाला भारी घाई. गोंद म्हणाला, "सांध्याच्या कडा तेवढ्या कोऱ्या ठेव. रंगावर मी धरत नाही."

"म्हणजे तुझ्यापायी मी अर्धवट दिसू?" असं म्हणत रंग कडांवरही ऐटीत पसरला.

मोटार झाली. शेजारच्या कुमुदिनीबाई बघायला आल्या. काकांनी मोटार कौतुकानं उचलली आणि तिचं दार थेट बाईंच्या चहात पडलं.

"अगंबाई, आंघोळीला निघालं की काय!"

काका ओशाळले आणि ब्लेडनं कडा खरवडू लागले. रंगानं मुकाट्यानं सोलून घेतलं. मग गोंद सांध्यात उतरला, तेव्हा रंग हळूच म्हणाला,

"जरा घट्ट धरा हं, गोंदभाऊ. बाई अजून बसल्यात."