मिठाची आंघोळ

“मीठ शिरक्यात बुडवायचं, पण विरघळू द्यायचं नाही! जमलं तर आत ये, नाहीतर चालती हो!” वेशीवरच्या सज्ज्यातून राजा भैरवसेन गरजला.

खाली नागूबाई आगरणीनं कपाळाला हात लावला. मागं मिठाच्या बारा गोण्या, वर दाटलेलं आभाळ. एक सर आली की वर्षभराची मेहनत पाण्यात आणि घरची चूल थंड!

हे सगळं लचांड फिरंगी हकीम बार्तोलोचं. शेजारच्या मुलखात साथ आली, तशी राजाची गाळण उडाली. हकिमानं लगेच लसूण, लवंगा आणि आपल्या देशातला कसलासा उग्र पाला घातलेला शिरका, म्हणजे द्राक्षांचं आंबट व्हिनेगर, पुढं केला. “आमच्याकडं चोर हा अंगाला चोळून रोग्यांची घरं लुटायचे. घर साफ, चोर ठणठणीत!”

झालं! बाहेरून येईल ते शिरक्यात बुडवायचं, असा हुकूम सुटला. नाणी बुडाली, भोपळे बुडाले, एका नवरदेवाचा फेटासुद्धा बुडाला! बिचारा लग्नात आंबट वास मारत उभा.

“बुडवते, महाराज!” नागूबाई ओरडली. “पण हा शिरका आला कुठून?”

“जहाजातून! सातासमुद्रापलीकडून!” राजाशेजारी उभा हकीम मिशीला पीळ देत म्हणाला.

“म्हणजे बाहेरूनच की! मग त्याला कशात बुडवलंत?”

लोक फिसकन हसले. राजा वळला. “खरंच की रे! कशात बुडवलास?”

हकीम लालबुंद झाला. “शिरक्याला कशाला बुडवायचं? जे स्वतः नासत नाही आणि दुसऱ्याला नासू देत नाही, त्याला आंघोळ लागत नाही!”

“ऐकलंत ना, महाराज?” नागूबाईनं पदर खोचला आणि मूठभर मीठ वर धरलं. “तुमच्या मुदपाकखान्यातली कैरी वर्षभर कशात टिकते? मासळी कशात टिकते? यात! हे कधी नासलेलं बघितलंय? मग याला आंघोळ कशाला?”

राजा एवढा हसला, की नाकावरचा शिरक्याचा रुमाल खाली पडला.

“उघडा रे वेस! गोण्या कोठारात घ्या! आजपासून राजवाड्याचं मीठ नागूबाईचंच. आणि हे झेल सोन्याचं कडं!”

शेवटची गोणी आत गेली आणि टपोरे थेंब पडू लागले. नागूबाई कडं हातात घालत म्हणाली, “महाराज, एक राहिलंच. हकीमसाहेबही बाहेरूनच आलेत ना?”

राजा पोट धरून हसला. “अरे, मोठं पिंप आणा रे!”