दरीतल्या मठात डिजिटल रेडिओ

“...म्हणजे घ्यावा की घेऊ नये, एवढंच सांगा अक्का.”

गौराक्का घेवडा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काय घ्यावा?”

“डिजिटल रेडिओ. चार दिवस तेच बोलतोय मी.”

गुरुलिंग हत्तरगींनी डबा पुढे सरकवला. गडहिंग्लजच्या दुकानदारानं तो त्यांना आठवडाभर वापरून बघायला दिला होता.

आमचा मठ दरीत आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर. इथं रेंज पाहुण्यासारखी येते आणि चहा व्हायच्या आत निघून जाते.

गुरुलिंग अक्कांचे शिष्य खरे, पण साधी असामी नव्हे. तीस वर्षं त्यांनी रेडिओ केंद्रावर ध्वनिमुद्रण केलं होतं. गाण्यातली खोट त्यांना गाणाऱ्याच्या आधी कळायची, आणि कळली की ते सांगायचेच. मठात आले तरी खोड गेली नव्हती. प्रार्थना संपली की कोण कुठं घसरलं याची यादी वाचत. शेवटी शेवटी आम्ही नुसते ओठ हलवायचो.

“ह्यात विशेष काय?” अक्कांनी विचारलं.

“खरखर नाही. आपला स्वयंपाकघरातला जुना रेडिओ म्हणजे निम्मं गाणं, निम्मी खरखर. हा तसला नाही. सिग्नल मिळाला की लख्ख. नाही मिळाला तर गप्प.”

“मधलं काही न्हाई?”

“नाही.”

“तुझ्यासारखाच हाय की.”

आम्ही हसू दाबलं. गुरुलिंग हसले नाहीत.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांची मुलगी शैलजा रेडिओवर गाणार होती. ती कोल्हापुरात असते. सहा वर्षांपूर्वी तिच्या पहिल्याच कार्यक्रमात एक सूर हलला, आणि पहिल्या रांगेतले वडील गाणं चालू असतानाच उठून बाहेर गेले. “बिनचूक गाशील तेव्हा ऐकेन,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून तिनं त्यांना बोलावलं नाही. त्यांनीही फोन केला नाही, पण झुरत होते, ते आम्हाला दिसत होतं. आता ऐकायचं तर नीटच ऐकायचं, म्हणून हा डबा.

नवाला पाच कमी होते. डबा ओसरीवर ठेवला. गप्प. खिडकीत ठेवला. गप्प. पासष्ट वर्षांचे गुरुलिंग शिडी लावून छपरावर चढले. तिथंही तो मौनातच.

खाली आले तेव्हा घड्याळात नऊ वाजून गेले होते.

“सुरू झालं असेल तिचं...”

ते ओसरीवर मटकन बसले.

अक्का उठल्या. आतून जुना रेडिओ काखेत मारून आणला, गुरुलिंगांच्या मांडीवर ठेवला आणि त्याचा कान पिळला.

खरखर... खरखर... आणि मधूनच एक बाई गाताना.

“शैलाच,” गुरुलिंग म्हणाले.

अर्धी तान आली, अर्धी डोंगरापलीकडे राहिली. ते वाकले. पंख्याचा आवाज झाला तरी ज्यांच्या कपाळाला आठ्या पडत, त्यांनी त्या खरखरीला कान चिकटवला.

ओळ तुटली. पुढची ओळ त्यांनीच धरली. तिच्या लहानपणी त्यांनीच शिकवलेलं पद होतं ते. ती परत आली तेव्हा हे गातच होते. दोघांची गाठ भलत्याच जागी पडली, तरी ते थांबले नाहीत.

पुन्हा तुटलं, तेव्हा आम्हीही ओरडून म्हणायला लागलो. आचारी पीठभरल्या हातांनी ताल धरून उभा होता. आम्ही बेसूर होतो, आणि मनापासून बेसूर होतो. इतका आनंद मठात मी कधी पाहिला नव्हता.

गाणं संपलं. हे पद कुणाकडून शिकलात, असं निवेदिकेनं विचारलं.

“बाबांकडून,” शैलजा म्हणाली. “ते आज ऐकत असतील, तर त्यांना एवढंच सांगायचंय की...”

खरखर.

गुरुलिंगांनी रेडिओ हलवला, थोपटला, उलटा धरला. आवाज आला तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.

त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते.

“काय गायली हो पोरगी, अक्का.”

“चुकली कुठं?”

“...कळलं नाही.”

अक्का परत घेवड्याकडे वळल्या.

“पण शेवटी काय म्हणाली ती? नेमकं तेवढंच गेलं.”

“मला आलं की ऐकू.”

“तुम्ही तर पार दारात होता.”

“तरी आलं.”

“मग सांगा ना.”

अक्का उठून पायरीपाशी गेल्या. वाकून त्यांनी गुरुलिंगांच्या चपला उचलल्या, झटकल्या, आणि रस्त्याच्या दिशेनं तोंड करून ठेवल्या.

गुरूनं चपलांना हात लावला तसे गुरुलिंग धडपडत उठले.

“अक्का, हे काय... ती काय म्हणाली, तेवढं सांगा.”

“कोल्हापूरची एसटी दहाला हाय.”