दोन मिनिटांचं मौन

बोरटेकडीच्या खडी क्रशरनं वर्षभर गावाचा डोळा लागू दिला नव्हता. तक्रार घेऊन गेलेल्या हौसाबाईंना मॅनेजर दाभाडकर दर खेपेस सांगत, "आवाजानं कुणाची झोप जात नाही, बाई. मनाचे खेळ आहेत."

क्रशरचे मालक वारले. दाभाडकर साहेबांनी गावाला शोकसभेला बोलावलं आणि दोन मिनिटं मौनासाठी क्रशर बंद करवला.

उभ्या उभ्याच गाव घोरू लागलं. हार घातलेल्या तसबिरीवर सरपंच कलंडले.

मौन संपलं. हाका मारून साहेबांचा घसा बसला, पण कुणी हलेना. जाग्या होत्या त्या एकट्या हौसाबाई. साहेब त्यांच्यावर खेकसले, "उठवा यांना."

"क्रशर चालू करा की, टुणकन उठतील," जांभई दाबत हौसाबाई म्हणाल्या. "फक्त आधी एवढं लिहून द्या, क्रशरनं झोप मोडते म्हणून."