प्लीहेची अरुंद फट

फार पूर्वी एका तापलेल्या देहात, रक्त गाळणाऱ्या प्लीहेच्या अरुंद फटीपाशी एक वृद्ध भक्षक पेशी पहारा देत असे. जी रक्तपेशी वाकून फटीतून निघेल, तिलाच ती पुढे सोडी.

एकदा एका तांबड्या पेशीत हिवतापाचा परजीवी शिरला. तो आतून कुजबुजला, “तिकडे जाऊ नकोस. ती म्हातारी तुला गिळेल. इथेच रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहा.”

पेशी क्षणभर भिंतीला टेकली. पण याची पिल्ले आपल्याला फोडून बाहेर पडली, तर शेजारणीही वाचणार नाहीत, हे तिला कळत होते. ती फटीपाशी गेली.

“वाक बघू, बाळ.”

“वाकता येत नाही, मावशी. आत कुणीतरी आहे.”

“भीती वाटते?”

“खूप.”

“मलाही, रोजच. डोळे मीट,” मावशी म्हणाली, आणि तिने दोघांना एकदमच गिळले.